सीमेपलीकडचा गुन्हा, घरचे लायसन

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या वाहनधारकांत एक समज पक्का रुजलेला आहे. गोव्यात, गुजरातेत किंवा कर्नाटकात वाहतुकीचा नियम मोडल्याबद्दल झालेली कारवाई त्या राज्याच्या हद्दीपुरतीच असते, पावती फाडून पैसे मोजले की प्रकरण तिथल्या तिथे मिटते आणि एमएच ०४ किंवा एमएच ०५ च्या कार्यालयाने दिलेल्या लायसनला त्याची झळ लागत नाही, असा तो समज होय. त्याच्या समर्थनार्थ कधी परिवहन हे ज्या-त्या राज्याचे खाते असल्याचे सांगितले जाते, कधी दंड भरणे म्हणजेच गुन्ह्याचा निकाल लागणे असे गृहीत धरले जाते, आणि या दोन्ही गोष्टी टिकत नाहीत असे दिसले की कायदा काहीही म्हणो, वापीहून किंवा पणजीहून ठाण्याच्या आरटीओला कागद धाडण्याची तसदी कोण घेतो, असा शेवटचा हुकमी सवाल टाकला जातो. यांतले पहिले विधान साफ चुकीचे आहे आणि दुसरे अर्धवट खरे आहे. तिसरे मात्र काही लोकांच्या बाबतीत खरे आणि काहींच्या बाबतीत धादांत खोटे असल्यामुळे, ते नेमके कोणाच्या बाबतीत खरे ठरते याचा तपास केल्याशिवाय या समजाचा समाचार पुरा होत नाही.

पहिल्या विधानासाठी फार वेळ खर्चण्याची गरज नाही. यांत्रिक शक्तीने चालणारी वाहने हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य या दोघांनाही कायदा करता येईल अशा विषयांच्या यादीत, ३५व्या नोंदीत आहे, आणि त्या अधिकारात संसदेने केलेला मोटार वाहन अधिनियम, १९८८ देशभर एकच आहे. त्याचे कलम १३ सांगते की या अधिनियमाखाली दिलेली अनुज्ञप्ती, म्हणजेच बोलण्यातले लायसन, सबंध भारतात परिणामकारक राहील. कल्याणच्या कार्यालयाने दिलेल्या लायसनवर पणजीत गाडी हाकण्याचा अधिकार ज्या कलमाने मिळतो, त्याच अधिनियमाच्या कलम २० नुसार पणजीच्या न्यायालयाला तोच अधिकार काढून घेता येतो. दोषी ठरलेल्या व्यक्तीला शिक्षेखेरीज ठरावीक मुदतीसाठी लायसन बाळगण्यास अपात्र ठरवण्याचा अधिकार हे कलम दोषी ठरवणाऱ्या न्यायालयाला देते, आणि ते न्यायालय लायसन देणाऱ्या राज्यातलेच असावे अशी अट त्यात कुठेही नाही. अपात्रतेचा आदेश झाला की कलम २३ प्रमाणे त्या मुदतीपुरते लायसन निष्प्रभ होते. गोव्यात निष्प्रभ आणि पत्रादेवीचा नाका ओलांडून बांद्याला आले की पुन्हा जिवंत, अशी सोय कायद्याने ठेवलेली नाही. लायसन रद्द करणारा प्राधिकारी आणि ते देणारा प्राधिकारी वेगवेगळे असतील, तर रद्द करणाऱ्याने देणाऱ्याला तसे कळवावे अशी तरतूद कलम १९ मध्ये आहे. हे दोघे दोन ठिकाणचे असू शकतात याची कल्पना १९८८ च्या संसदेला होती, असाच तिचा अर्थ घ्यावा लागतो.

मग समज आला कुठून, याचे उत्तर अलीकडच्या इतिहासात सापडते. २०१९ ची मोठी दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून देशभर लागू झाली तेव्हा महाराष्ट्राचे तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी वाढीव दंडाची अंमलबजावणी रोखून धरली; गुजरातने त्याच महिन्यात अनेक रकमा कमी केल्या; महाराष्ट्रात नवे दर २०२१ च्या डिसेंबरात आले. राज्यागणिक रकमा वेगळ्या, तर कायदाही वेगळा असणार, असा निष्कर्ष सामान्य वाचकाने काढला तर तो समजण्यासारखा आहे. परंतु राज्यांच्या हाती होते ते केवळ तडजोड शुल्क, म्हणजे खटला न भरता गुन्हा मिटवण्यासाठी पोलिसाने किंवा परिवहन अधिकाऱ्याने जागेवर घ्यायची रक्कम. न्यायालयाने द्यायची शिक्षा आणि लायसनवर होणारी कारवाई राज्यांनी ठरवलेली नव्हती, आणि त्या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रातही नव्या रूपात १ सप्टेंबर २०१९ पासूनच लागू होत्या. वर्तमानपत्रांनी रकमांचे तक्ते छापले, लायसनचे कुणी छापले नाही.

दुसरे विधान अधिक गंभीरपणे घ्यायला हवे, कारण त्यात तथ्याचा मोठा अंश आहे. न्यायालयाने दोषी ठरवणे, म्हणजे दोषसिद्धी, आणि तडजोड शुल्क भरून गुन्हा मिटवणे या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने भिन्न आहेत. कलम २०० नुसार ठरावीक गुन्हे अशा रीतीने मिटवता येतात आणि ते मिटले की त्यांबद्दल पुढची कार्यवाही होत नाही. तेव्हा म्हापशाच्या चौकात हेल्मेट नसल्याबद्दल पैसे भरून पावती घेतलेला डोंबिवलीकर दोषी ठरला असे म्हणता येत नाही, आणि दोषसिद्धीवर बेतलेली कलमे त्याला लागू होत नाहीत. इतकेच नव्हे, तर कलम २०८ मध्ये किरकोळ गुन्ह्यांसाठी टपालाने कबुली देण्याची जी सोय आहे, तिचा लाभ घेऊन समन्समध्ये नमूद केलेली रक्कम पाठवणाऱ्याला त्या कबुलीमुळे लायसनसाठी अपात्र ठरवता येणार नाही असे संरक्षण खुद्द संसदेने दिले आहे. ‘पावती फाडली, विषय संपला’ म्हणणाऱ्यांना हा आधार ठाऊक असता, तर त्यांनी आपली बाजू अधिक चांगली मांडली असती.

तथापि हा आधार २०१९ नंतर बराच आक्रसला आहे. त्या दुरुस्तीने कलम २०० ला जोडलेली दोन परंतुके, म्हणजे मूळ नियमाला मर्यादा घालणारी वाक्ये, या वादात निर्णायक ठरतात. पहिले सांगते की तडजोडीने मिटवलेला गुन्हाही, पुढे तोच गुन्हा घडल्यास तो दुसऱ्यांदा घडला असे ठरवताना, आधीचा गुन्हा म्हणून मोजला जाईल. दुसरे सांगते की तडजोड झाली तरी कलम २०६ च्या पोटकलम (४) खालील कारवाईतून, म्हणजे लायसन जप्त करून ते अपात्रतेसाठी पुढे पाठवण्याच्या कारवाईतून, चालकाची सुटका होणार नाही. पैसे भरल्याने खटला टळतो, लायसनवरचे संकट टळेलच असे नाही. वेगमर्यादा ओलांडणे, धोकादायक रीतीने वाहन चालवणे, दारू पिऊन चालवणे, हेल्मेट न घालणे, दुचाकीवर तिघे बसणे, रुग्णवाहिकेला वाट न देणे असे गुन्हे पोटकलम (४) च्या यादीत आहेत, आणि हेल्मेटविषयीचे कलम १९४घ तर १,००० रुपयांच्या दंडाबरोबर तीन महिन्यांच्या अपात्रतेचाही उल्लेख करते. घोडबंदर रस्त्यावर हेल्मेटचा बाऊ न करणारा तरुण गोव्यात भाड्याच्या स्कूटरवर ते डोक्याऐवजी आरशाला अडकवतो तेव्हा तो या कलमाच्या कक्षेत शिरलेला असतो; त्याच्यावर ते सहसा वापरले जात नाही ही गोष्ट निराळी.

मद्यपानाच्या गुन्ह्यात तर पावती फाडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कलम १८५, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे, हे कलम २०० च्या यादीत नाही. ते प्रकरण न्यायालयातच जाते आणि तिथे गुन्हा कबूल करून दंड भरणारा पर्यटक ‘सुटलो’ असे म्हणत असला तरी प्रत्यक्षात तो दोषी ठरलेला असतो. ठाणे-डोंबिवलीहून शनिवार-रविवारच्या सहलीला दमणला जाणाऱ्यांच्या वाटेत तलासरीनंतर दारूबंदीचे गुजरात लागते, आणि परतीच्या वाटेवर पकडल्या गेलेल्या चालकापुढे तिथल्या दारूबंदीच्या कायद्याचा प्रश्न निराळा व मोटार वाहन अधिनियमाचा निराळा उभा राहतो. या दोषसिद्धीचा घरच्या लायसनशी संबंध जोडणारी तरतूद कलम २२ मध्ये आहे. कलम १८५ खाली एकदा दोषी ठरलेली व्यक्ती त्याच कलमाखाली पुन्हा दोषी ठरली, तर दुसऱ्यांदा दोषी ठरवणाऱ्या न्यायालयाने तिचे लायसन रद्द करायचे आहे, आणि त्यात न्यायालयाला ऐच्छिकता ठेवलेली नाही. पहिली दोषसिद्धी वलसाडची आणि दुसरी ३१ डिसेंबरच्या रात्री ठाण्यातल्या नाकाबंदीत सापडल्यानंतरची असली, तरी कलमाचा अर्थ बदलत नाही. पहिली दोषसिद्धी सरकारी पक्षाने पुराव्याने शाबीत करावी लागते आणि ती करण्याचे कष्ट अनेकदा घेतले जात नाहीत, हे खरे. पण पुरावा दाखल झाला नाही म्हणून गुन्हा पुसला गेला असे मानणाऱ्याने आपले लायसन सरकारी वकिलाच्या आळसावर तारण ठेवलेले असते.

इथवर कायद्याचे झाले. व्यवहारात लायसनचे काय होते ते पाहायचे तर, दंडाच्या पावतीखेरीज, चालकाच्या हातात पडणाऱ्या कागदाकडे पाहावे लागते, आणि हा कागद दोन प्रकारचा असतो. कलम २०६ च्या आधीच्या पोटकलमांखाली लायसन ताब्यात घेतले गेले तर अधिकारी जी तात्पुरती पोच देतो, ती लायसन परत मिळेपर्यंत किंवा तिच्यावर लिहिलेल्या तारखेपर्यंत वाहन चालवण्याचा अधिकार शाबूत ठेवते. मालवाहतुकीत आयुष्य गेलेले चालक ‘कागद ठेवून घेतले’ असे जे सहजपणे सांगतात ते या पोचेच्या भरवशावर, कारण तिच्यावर गाडी पुढे नेता येते. २०१९ मध्ये आलेल्या पोटकलम (४) खालीही पोच द्यायची आहे, मात्र ती पोच लायसन परत मिळेपर्यंत वाहन चालवण्याचा अधिकार देणार नाही असे तिथे स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. दोन्ही कागदांवर जप्तीची नोंद असते, दोन्हींवर सही असते. घाईत भरलेल्या कलमाच्या रकान्यात कंसातला आकडा कोणता आहे यावर मात्र माणसाने त्या रात्री ट्रक चालवायचा की नाही हे ठरते. भिवंडीतल्या माणकोली किंवा काल्हेरच्या गोदामातून माल भरून वापीला निघालेल्या टेम्पोचे उदाहरण घेतले, तर अतिवेगाबद्दल पोटकलम (४) खाली लायसन जप्त झालेला चालक कायद्याप्रमाणे तिथून पुढे गाडी चालवू शकत नाही, आणि परतही आणू शकत नाही. मालक दुसरा चालक पाठवतो किंवा, बहुधा, ‘चालव तशीच’ म्हणून सांगतो.

असे जप्त झालेले लायसन ज्या प्राधिकाऱ्याकडे जाते त्याने चालकाला म्हणणे मांडण्याची संधी द्यायची असते. ती दिल्यानंतर त्याला एकतर चालकाला मोकळे करता येते किंवा सविस्तर कारणे लिहून पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने अपात्र ठरवता येते, आणि दुसऱ्या गुन्ह्यासाठी लायसन रद्दच होते. या सगळ्यांत राज्याच्या सीमेचा उल्लेख नाही. उलट, सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. के. एस. राधाकृष्णन समितीने १८ ऑगस्ट २०१५ रोजी सर्व राज्यांना दिलेल्या निर्देशांत अतिवेग, लाल दिवा ओलांडणे, जादा भार, मालवाहू गाडीत माणसे बसवणे, मद्यपान आणि मोबाइलचा वापर यांसाठी किमान तीन महिने लायसन निलंबित करण्यास सांगितले होते, आणि त्या यादीतले दोन गुन्हे, जादा भार आणि मालवाहू गाडीतली माणसे, हे रोजंदारीवरच्या चालकाच्या वाट्याचे आहेत. किती माल चढवायचा हे तो ठरवत नाही. लायसन मात्र त्याचे जाते.

याच्या नेमकी उलट स्थिती कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची आहे. कॅमेरा क्रमांकाची पाटी वाचतो, चालकाचा चेहरा ओळखत नाही. ई-चलान वाहनाच्या नावे निघते आणि वाहनधारकाच्या मोबाइलवर येते. त्या वेळी गाडी कोण चालवत होते याची माहिती देणे कलम १३३ नुसार मालकाचे कर्तव्य आहे, परंतु ती माहिती मागितली गेली तरच या कर्तव्याचा काही उपयोग, आणि चलानाचे पैसे जमा झाले की ती मागण्याचे कारणच उरत नाही. त्यामुळे बेळगावजवळ ताशी ११० च्या वेगाने गेलेल्या मोटारीचे चलान गाडीला चिकटून राहते, गाडी विकताना किंवा तिचे हस्तांतरण करताना आडवे येते, आणि चालवणाऱ्याच्या लायसनला त्याचा वासही लागत नाही. राज्य सरकारेही याकडे शिस्तभंगापेक्षा थकबाकी म्हणून पाहतात, याचा पुरावा कर्नाटकाने २०२३ च्या फेब्रुवारीत प्रलंबित दंडावर दिलेल्या ५० टक्के सवलतीत आहे. कल्याण-डोंबिवलीकरांना मालमत्ता करावरच्या अभय योजनेची सवय असल्यामुळे त्यात काही वावगे वाटले नाही, पण ज्या गुन्ह्यामुळे लायसन जाऊ शकते असे कायदा म्हणतो तो गुन्हा अर्ध्या किमतीत मिटवण्याची ही रीत त्या कायद्याचाच उपहास करते. मोबाइलवर ‘दंड भरा’ ही कळ दाबणारा माणूस पोलिसाला तडजोड शुल्क देतो आहे की आभासी न्यायालयापुढे, म्हणजे केवळ संगणकावर चालणाऱ्या न्यायालयापुढे, गुन्हा कबूल करतो आहे, हेही त्याला बहुधा ठाऊक नसते. आणि वर पाहिल्याप्रमाणे या दोहोंचे परिणाम एक नाहीत.

‘कागद कोण धाडतो’ या सवालाचे उत्तर इथे सापडते. कायद्यात नसलेली सीमा व्यवहारात आहे, पण ती दोन राज्यांमधली नाही. ती गाडी आणि चालक यांच्यामधली आहे. स्वतःच्या मोटारीतून सहलीला गेलेल्या आणि कॅमेऱ्यात सापडलेल्या नोकरदाराला ती सीमा संरक्षण देते, तर नाक्यावर हात दाखवून थांबवलेल्या आणि लायसन प्रत्यक्ष काढून द्यावे लागलेल्या पगारी चालकाला ती काहीच देत नाही. परराज्यातल्या गुन्ह्याने काही होत नाही, हे विधान करणारा माणूस जवळपास नेहमीच पहिल्या प्रकारातला असतो, आणि स्वतःच्या अनुभवावरून त्याने काढलेला निष्कर्ष त्याच्यापुरता बरोबरही असतो. चूक होते ती हा अनुभव म्हणजेच कायदा असे मानण्यात, आणि तो कायदा म्हणून आपल्या चालकालाही ऐकवण्यात.

शिवाय पहिल्या प्रकारातल्या माणसालाही ही निश्चिंती फार काळ पुरेल असे नाही. पूर्वी लायसन पुस्तिकेच्या रूपात असे आणि न्यायालय किंवा प्राधिकारी कारवाईचा शेरा तिच्या पानावर मारत असे. कलम २५ नुसार हा शेरा नव्या किंवा दुय्यम लायसनवरही उतरवायचा असतो आणि पुढची सलग तीन वर्षे, केवळ वेगमर्यादेचा गुन्हा असल्यास एक वर्ष, नवा शेरा न पडल्यास कोरे लायसन मिळू शकते. पुस्तिका ‘गहाळ’ करून कोऱ्या प्रतीसाठी अर्ज करण्याची युक्ती त्या काळात चालून जाई, कारण शेरा पुस्तिकेबरोबरच नाहीसा होई. प्लॅस्टिकच्या कार्डावर शेरा मारायला जागाच नाही, आणि म्हणून तो आता राष्ट्रीय पातळीवरच्या सारथी प्रणालीत, कार्डाच्या मागे अदृश्य राहतो. २०१९ च्या दुरुस्तीने आणलेल्या कलम २५क नुसार राज्यांच्या लायसन-नोंदवह्या एका राष्ट्रीय नोंदवहीत विलीन व्हायच्या आहेत, आणि १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे अपात्र ठरवलेल्या व रद्द केलेल्या लायसनांची नोंद कालक्रमाने संकेतस्थळावर ठेवायची आहे. पणजीहून ठाण्याला टपाल निघण्याची आवश्यकताच त्यामुळे हळूहळू संपते आहे.

निष्काळजीपणाची खरी किंमत मात्र नोंदवहीपेक्षा अपघाताच्या दाव्यात मोजावी लागते, आणि सगळ्या चर्चेत हाच मुद्दा कोणी काढत नाही. अपात्रतेच्या मुदतीत वाहन चालवणे हा कलम १८२ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशा शिक्षेचा गुन्हा आहे, आणि अशा व्यक्तीच्या हाती गाडी देणारा मालकही अधिनियमाच्या कलम ५ व कलम १८० च्या कचाट्यात येतो. त्याहून जड आहे ते कलम १५०. अपात्र ठरलेली व्यक्ती गाडी चालवत होती, हा विमा कंपनीला कायद्याने दिलेला बचाव आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्णसिंग प्रकरणात आखून दिलेल्या मार्गाने न्यायाधिकरण कंपनीला जखमीची भरपाई द्यायला लावून ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊ शकते. अर्थात मालकाने जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने अट मोडली हे कंपनीला दाखवावे लागते. शिळफाट्यावर झालेल्या धडकेचा दावा ठाण्याच्या मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे आला आणि चालकाचे लायसन सहा आठवड्यांपूर्वी गुजरातेत तीन महिन्यांसाठी निलंबित झाले होते असे निघाले, तर ‘ते तिकडचे प्रकरण होते’ हे उत्तर देणाऱ्या टेम्पोमालकाला तिकडच्या आणि इकडच्या प्रकरणातला फरक लाखांच्या आकड्यात कळेल.

या समजाला विरोध करणाऱ्यांतही एक वर्ग असा आहे की ज्याचे समर्थन करणे अशक्य आहे. परराज्यातले एक चलान थकले तरी लायसन आपोआप बाद होते, पोलीसच ते जागेवर निलंबित करतात, तेव्हा वेळीच अमुक इतके देऊन ‘क्लिअर’ करून घ्या, अशी भीती आरटीओच्या आवाराबाहेर विकली जाते. अधिनियमात कोणत्याही कलमाखाली थकलेल्या चलानाने लायसन आपोआप बाद होत नाही. अपात्रतेला एकतर न्यायालयाचा आदेश लागतो किंवा म्हणणे ऐकून घेतल्यानंतरचा प्राधिकाऱ्याचा सकारण आदेश, आणि कलम २१ चा अपवाद, ज्यात धोकादायक चालवण्याबद्दल पूर्वी दोषी ठरलेल्या चालकाकडून पुन्हा तसेच चालवून मृत्यू किंवा गंभीर दुखापत झाल्याचा गुन्हा नोंदला गेल्यास लायसन सहा महिने निलंबित होते, तो अगदी मर्यादित आहे. पोलिसाला लायसन जप्त करता येते, निलंबित करता येत नाही, हे कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अतिवेगाच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. तिथे सहायक पोलीस आयुक्तांनीच ९० दिवसांचे निलंबन करून टाकले होते.

दुसरा एक आग्रह अमेरिकेचा दाखला देणाऱ्यांचा आहे, आणि ज्या डोंबिवलीत घरटी एक नातेवाईक न्यू जर्सीत किंवा टेक्सासात असतो तिथे तो वारंवार कानावर येतो. अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी १९६० च्या दशकापासून एक आंतरराज्य करार स्वीकारलेला आहे, ज्यान्वये पाहुण्या राज्यातली दोषसिद्धी घरच्या राज्याला कळवली जाते आणि घरचे राज्य ती आपल्याच हद्दीत घडल्याप्रमाणे मोजते; भारतानेही तसा करार करावा, असे सुचवले जाते. हा उपाय आजाराशी जुळत नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा वाहन कायदा आणि लायसन स्वतंत्र असल्याने त्यांना कराराने पूल बांधावा लागला. इथे कायदा एक आणि लायसन एक, तेव्हा पुलाची जागाच नाही. हैदराबाद परिसरात १ ऑगस्ट २०१७ पासून लागू झालेल्या दंडगुणांच्या पद्धतीचे, म्हणजे २४ महिन्यांत १२ गुण साठले की लायसनवर गदा येण्याच्या पद्धतीचे, अनुकरण देशभर करावे या सूचनेतही तोच दोष आहे. गुण चालकाच्या नावे जमा करायचे तर आधी गाडी कोण चालवत होते हे शोधावे लागेल, आणि कॅमेऱ्याच्या चलानात तेच शोधले जात नाही. परिणामी गुण साठतील ते पुन्हा नाक्यावर थांबवलेल्या माणसाच्याच नावावर.

बदल हवा तो याहून लहान आणि याहून निकडीचा आहे. पोटकलम (४) जप्त लायसन ‘अनुज्ञप्ती प्राधिकाऱ्याकडे’ पाठवायला सांगते, पण तो प्राधिकारी जप्तीच्या ठिकाणचा की लायसन देणारा, हे सांगत नाही. तो लायसन देणाराच असावा असा अर्थ लावणे न्याय्य ठरेल, कारण म्हणणे मांडण्याची संधी वलसाडला दिली काय आणि कल्याणला दिली काय, कागदावर ती सारखीच दिसत असली तरी एका दिवसाच्या खाड्याने पगार कापला जाणाऱ्या चालकाला ती सारखी नसते, आणि जो सुनावणीला पोचूच शकत नाही त्याच्याविरुद्धचा आदेश एकतर्फीच होणार. कलम १९ खालील आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते. तेही परराज्यात करायचे तर त्या हक्काचे मोल वकिलाच्या फीइतकेच उरते. लायसन किती दिवसांत पुढे धाडावे याची मुदत त्या पोटकलमात नाही, आणि जप्तीपासून आदेशापर्यंत ज्या दिवसांत चालकाला गाडीला हात लावता येत नाही ते दिवस नंतरच्या तीन महिन्यांतून वजा करावेत असेही ते सांगत नाही. परराज्यातल्या गुन्ह्याने घरच्या लायसनला काही होत नाही असे सांगत फिरणाऱ्यांनी भिवंडीच्या गोदामाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या चालकांना या दिवसांचा हिशेब विचारावा.